गुडघ्याची शस्त्रक्रिया होते, पुढचे नऊ महिने कोणाचे?

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूंच्या पुनर्वसनाची जिल्ह्याजिल्ह्यांत सोय करण्याबाबत.

महोदय,



मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाळेत खेळ शिकवते आणि मुलींचा कबड्डी संघ सांभाळते. त्याआधी बरीच वर्षे स्वतः खेळले. चढाई हे माझे काम. विद्यापीठाच्या संघात असताना डाव्या गुडघ्यातील लिगामेंट तुटले, शस्त्रक्रिया झाली आणि मी पुन्हा मैदानात उतरले. हे पत्र मात्र मी आज खेळणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिते आहे. गुडघा एकदा गेला की संघाच्या यादीतून यांचे नाव जाते आणि पुन्हा कोणी विचारत नाही, असे मी माझ्या आसपास वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. लिगामेंट तुटलेल्या खेळाडूला शस्त्रक्रिया अर्धेच बरे करते. उरलेले काम पुढच्या नऊ ते बारा महिन्यांच्या शिस्तशीर व्यायामाने होते आणि नेमक्या त्याच काळात तालुक्यातील खेळाडू एकटा पडतो. क्रीडा खात्याने ही मधली वाट बांधून द्यावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी दुखापतीविषयी लिहिते, कारण ती नीट समजली तर पुढची मागणी पटेल. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधणारी दोन लिगामेंट एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढच्याला आमच्या मैदानावरही आता सगळे एसीएल म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघा स्थिर ठेवणे हे त्याचे काम. सरळ चालताना त्याची फारशी गरज भासत नाही. धावता धावता थांबणे, झटक्यात दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे, अशा वेळी सारा ताण त्याच्यावर येतो. कबड्डी तर याच हालचालींवर चालते. चढाई करणारी मुलगी निदान रेषा ओलांडून आत जाते, एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवते आणि दुसरा हवेत ठेवते. तेव्हा तिचे सगळे वजन एका गुडघ्यावर असते आणि कोपऱ्यातली खेळाडू घोट्याला हात घालते ती त्याच क्षणी. सुटण्यासाठी ती मध्यरेषेकडे वळायला जाते, पाऊल मॅटला धरून राहते आणि गुडघा वरच्या वर फिरतो. खो-खोत खांबाशी वळताना, फुटबॉलमध्ये चेंडूसह वळताना हेच घडते आणि अनेकदा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांच्या अभ्यासांत मुलींना ही दुखापत मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात होत असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले आहे.

आत 'कट्' झाल्याचे खेळाडूला कळते. काही तासांत गुडघा टम्म फुगतो. मग गावात जे नेहमी होते तेच होते. कोणी म्हणते मुरगळला, कोणी तेल चोळते, कोणी ओढून बसवायला बघते. एक्स-रे काढला तर हाड शाबूत दिसते, कारण एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. त्यासाठी एमआरआय लागतो किंवा गुडघा हाताने तपासून ओळखणारा जाणकार डॉक्टर लागतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येते, आणि मुलगी गुडघ्याला पट्टा बांधून पुढच्या स्पर्धेत उभी राहते. मग वळताना गुडघा सटकतो. असा तो दर वेळी सटकताना आतली कुर्चेची गादी फाटत जाऊ शकते. माझ्याही गुडघ्यावर पहिल्या तपासणीत 'शेक द्या, आराम करा' एवढाच सल्ला मिळाला होता. लिगामेंट तुटले आहे हे कळले तोवर गादीलाही इजा झाली होती.

शस्त्रक्रिया आता दुर्बिणीने होते आणि तिच्यात आपले डॉक्टर वाकबगार आहेत. तुटलेले एसीएल टाके घालून सांधण्याऐवजी बहुधा खेळाडूच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी किंवा वाटीखालच्या दोरीचा पट्टा काढून घेतात, हाडांत बोगदे पाडून तो त्यांतून ओवतात आणि बटण किंवा स्क्रूने घट्ट बसवतात. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. घरच्यांना वाटते, संपले एकदाचे. खरे काम त्या दिवशी सुरू होते.

ते काम कसे असते, हे सविस्तर लिहायला हवे. कारण आपल्याकडे निर्णय घेणाऱ्या बैठकांत शस्त्रक्रियेचा खर्च चर्चेला येतो, हा काळ येत नाही.

पहिल्या दिवसांत फिजिओ सांगतात, मांडी आवळा. आपण सगळी ताकद लावतो आणि मांडी हलतही नाही. काल-परवापर्यंत तीस-तीस सेकंदांच्या चढाया करणारा पाय आपले ऐकत नाही, हा धक्का शस्त्रक्रियेच्या वेदनेपेक्षा मोठा असतो. सांध्यात सूज असली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आवर घालते, म्हणून असे होते. हे कोणी समजावून सांगितले नाही तर मुलगी घाबरते आणि प्रयत्नच सोडते. दुसरे काम गुडघा पूर्ण सरळ करण्याचे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सैल सोडायचा, गुडघा सरळ होईपर्यंत. हे दिसायला क्षुल्लक आहे आणि दुखते फार. पहिल्या आठवड्यांत गुडघा सरळ झाला नाही तर पुढे तो करणे अवघड होते आणि लंगड मागे राहते. त्यानंतर हळूहळू वाकवणे, सरळ पाय उचलणे, भिंतीला टेकून अर्धे बसणे, स्थिर सायकल. मांडी तोवर इतकी बारीक झालेली असते की दोन पाय शेजारी ठेवले तर नजरेला कळते.

आता हे सगळे गावाकडच्या घरात मांडून पाहा. संडास भारतीय पद्धतीचा, आणि खाली बसायची मनाई. जेवण जमिनीवर. पाणी बाहेरून आणायचे. शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली तर पाठोपाठ पावसाळा आणि लावणी; चिखलात वाकून उभे राहायला घरात प्रत्येक माणूस हवा असतो. फिजिओथेरपिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पण कुबड्या घेऊन एसटीच्या पायऱ्या चढणे, येण्या-जाण्यात घरातल्या एकाची मजुरी बुडणे आणि प्रत्येक वेळची फी, हे मिळून महिन्याभरात घराचा धीर सुटतो. घरी सोडताना मला व्यायामांचा जो कागद मिळाला होता तो इंग्रजीत होता. माझे शिक्षण झालेले असल्याने मी तो वाचला. माझ्या संघातल्या मुलींच्या आयांनी तो कसा वाचावा?

याहून मोठा धोका पुढे असतो आणि तो बरे वाटण्यातून येतो. दीड-दोन महिन्यांनी सूज गेलेली असते, कुबड्या सुटतात, चाल सरळ होते. नवीन बसवलेला पट्टा मात्र याच सुमारास सर्वांत कमजोर असतो. त्या पट्ट्याला आधी स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात आणि दोरीचे हळूहळू लिगामेंट बनते. या बदलाला वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तो घाईने उरकता येत नाही. बाहेरून गुडघा बरा दिसतो आणि सगळे विचारू लागतात, "चालतेस ना नीट? मग खेळायला काय झालं?" प्रशिक्षक विचारतात, मंडळाचे कार्यकर्ते विचारतात, कारण जिल्हा अजिंक्यपद तोंडावर आलेले असते. मुलगी स्वतःलाही तेच विचारते.

या प्रश्नाला आज शास्त्राने स्पष्ट उत्तर दिले आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात, ताकद आणि उड्यांच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी 38 टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. चाचण्या पार करून परतलेल्यांत हे प्रमाण 6 टक्क्यांहूनही कमी होते. पंचविशीच्या आतील जे खेळाडू पुन्हा खेळू लागतात, त्यांच्यापैकी जवळपास चौघांत एकाचे एसीएल, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचे, पुन्हा जाते, असेही याच सुमाराच्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. शाळा-महाविद्यालयांत खेळणारी आपली मुले नेमकी याच वयाची आहेत.

यातल्या बऱ्याच चाचण्यांना मोठी यंत्रे लागत नाहीत. चांगल्या पायावर लंगडी घालत एका उडीत किती अंतर जाते ते मोजपट्टीने मोजायचे, मग शस्त्रक्रिया झालेल्या पायावर मोजायचे. मग तीन उड्या, मग तिरक्या उड्या. दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के अंतर यायला हवे. उतरताना गुडघा आत वळतो का, हे समोर उभे राहून पाहायचे. लंगडी खेळत वाढलेल्या मुलींना ही चाचणी वेगळी शिकवावी लागत नाही. कमी आहे ती मोजणाऱ्या आणि 'अजून नाही' असे अधिकाराने सांगणाऱ्या माणसाची.

मनाचेही एक पुनर्वसन असते. पट्टा तयार होतो, मांडी भरते, तरी पहिल्या पकडीच्या वेळी पाय मागे येतो. ज्या कोपऱ्यात गुडघा गेला त्या कोपऱ्याकडे चढाई जात नाही. मला आधी एकाच खेळाडूसमोर, मग तिघींसमोर, मग पूर्ण बचावफळीसमोर उतरवणाऱ्या फिजिओ आणि प्रशिक्षक भेटल्या. त्यांनी मला पडायला पुन्हा शिकवले. तो काळ कोणी धीराने माझ्याबरोबर काढला म्हणून मी परतले. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणींकडे माझ्याहून अधिक कसब होते आणि त्या परतल्या नाहीत. 2014 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 81 टक्के कोणत्या ना कोणत्या खेळात परतले होते, पण स्पर्धात्मक पातळीवर फक्त 55 टक्के. चांगल्या सोयी असलेल्या देशांतील अभ्यासही त्यात होते, हे लक्षात घेतले तर आपल्या तालुक्यांत काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो.

पाठबळ असले तर काय घडते, हेही आपण पाहिले आहे. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिच्या गुडघ्यावर 2017 मध्ये एसीएलची शस्त्रक्रिया झाली आणि जुलै 2018 मध्ये तिने तुर्कस्तानातील मर्सिन येथे जागतिक चॅलेंज चषकात सुवर्णपदक जिंकले. कुस्तीपटू विनेश फोगट हिला ऑगस्ट 2023 मध्ये सरावात डाव्या गुडघ्याची दुखापत झाली, 17 ऑगस्टला मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने जपानच्या युई सुसाकीला हरवले. या दोघींची जिद्द असामान्य आहे. त्या जिद्दीमागे डॉक्टर, फिजिओ आणि प्रशिक्षक यांची फळी उभी होती. जिद्द माझ्या मुलींकडेही आहे.

महोदय, महाराष्ट्र खेळाडूंसाठी काही करत नाही, असे मी म्हणणार नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, शिवछत्रपती पुरस्कार आहेत. 2012 मध्ये पाटण्याला पहिला महिला कबड्डी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या मुली होत्या आणि राज्याने त्यांचा मोठ्या रकमेने गौरव केला, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण हे सारे यश मिळाल्यावरचे आहे. यशाच्या वाटेवर जी पडते तिच्यासाठी काय? आरोग्य योजनांची रचना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती असते. त्यानंतर महिनोन्महिने आठवड्यातून दोन-तीनदा करायच्या फिजिओथेरपीचा भार घरावर येतो. आणि ग्रामीण मुलीसाठी गुडघा म्हणजे नोकरी आहे. पोलीस भरतीत तिला 800 मीटर धावायचे असते, गोळा फेकायचा असतो. अर्धवट बरा झालेला गुडघा तिला तिथेही अडवतो. लग्नाच्या बाजारात 'पायाचं ऑपरेशन झालंय' हे वाक्य तिच्याविरुद्ध वापरले जाते, आणि म्हणून काही घरे शस्त्रक्रियाच नाकारतात.

माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली मागणी. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात पुनर्वसनाची एक खोली आणि पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट द्यावा. स्थिर सायकल, वजने, रबरी पट्टे, मोजपट्टी आणि गादी एवढ्यावर ही खोली सुरू होऊ शकते. फिजिओथेरपीच्या पदवीत इंटर्नशिप असते. वैद्यकीय शिक्षण विभागाशी बोलून त्यातील काही काळ क्रीडा संकुलांत ठेवता येईल आणि ठरलेल्या वारी तालुक्यातही केंद्र चालवता येईल. व्यायामांची सचित्र पुस्तिका मराठीत काढून ती शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक खेळाडूच्या हाती द्यावी.

दुसरी मागणी. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय आणि चाचण्यांचा दाखला असल्याशिवाय शालेय, जिल्हा व राज्य स्पर्धांत उतरवू नये, असा नियम संघटनांशी चर्चा करून करावा. हा नियम खेळाडूला संघाच्या, गावाच्या आणि तिच्या स्वतःच्या घाईपासून वाचवील. वयाचा दाखला आपण मागतोच, गुडघ्याचाही मागावा.

तिसरी मागणी. दुखापतीचे वर्ष खेळाडूच्या खात्यातून वजा करू नये. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. एका वर्षाच्या दुखापतीने मुलीचा अख्खा गट निघून जातो आणि त्याबरोबर प्रमाणपत्र, क्रीडागुण आणि पुढची संधीही जाते. स्पर्धेत किंवा अधिकृत सरावात जखमी झालेल्या खेळाडूची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील जागा वर्षभर टिकावी, क्रीडागुणांसाठी तिच्या आधीच्या वर्षाची कामगिरी धरावी, आणि फिजिओथेरपी व प्रवास यांचा खर्च खात्याने उचलावा.

चौथी मागणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. दुखापत टाळण्याचे व्यायाम शालेय कबड्डी, खो-खो, फुटबॉल अशा सर्व खेळांत सक्तीचे करावेत. फिफाने फुटबॉलसाठी '11 प्लस' नावाचा वीसेक मिनिटांचा सराव तयार करून घेतला आहे. धावणे, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणे, असे त्याचे स्वरूप आहे. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर तो करून पाहिला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर दुखापती चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. असे व्यायाम नियमित केल्याने एसीएलच्या दुखापती निम्म्यावर येतात, हे नंतरच्या एकत्रित आढाव्यांतही दिसले आहे. माझ्या संघात आम्ही हा सराव कबड्डीच्या हालचालींना जुळवून घेतला आहे. वळसा, बोनसचा पाय, मागे उडी, हे सगळे त्यात बसते. बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात आणि क्रीडाशिक्षकांच्या उजळणी वर्गांत तो शिकवला, तर एका वर्षात तो राज्यभरच्या मैदानांवर पोहोचेल.

यातील कोणत्याही मागणीला स्टेडियमएवढा पैसा लागत नाही. हवा आहे तो एक शासन निर्णय आणि खेळाडूला पदकाआधी माणूस म्हणून जपण्याची इच्छा. घाईने मैदानात आणलेल्या गुडघ्याची किंमत पुढेही चुकती होत राहते. एसीएल आणि गादी दोन्ही गेलेल्या अनेकांना दहा-पंधरा वर्षांत, ऐन पस्तिशी-चाळिशीत, सांध्याची झीज गाठते. तेव्हा ती मुलगी कोणाच्याही संघात नसते आणि जिना चढताना होणारा त्रास तिचा एकटीचा असतो.

ज्या पालकांच्या वाचनात हे पत्र येईल त्यांना एवढेच सांगते : मुलीचा गुडघा खेळताना एकदम सुजला तर चोळू नका, जाणकार डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया झाली तर नऊ महिने धीर धरा. आणि प्रशिक्षक मित्रांना विनंती, की कोणत्याही चषकासाठी अर्ध्या बऱ्या झालेल्या मुलीला मॅटवर उभे करू नका.

महोदय, सगळ्या जिल्ह्यांत एकाच वेळी सोय करणे अवघड असेल तर एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. आमच्या तालुक्यात मैदान आहे, एक रिकामी खोली आहे आणि गुडघ्याला पट्टा बांधून वाट पाहणाऱ्या मुली आहेत. फिजिओथेरपिस्ट आपण द्या. बाकीचे आम्ही करू.

आपली विश्वासू,
कबड्डी शिकवणारी एक क्रीडाशिक्षिका